बाबा, तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोन ठेवता ठेवता बाबा तुम्ही म्हणालात, "राहू दे आता ते कुलवृत्तांताचं. कॉम्प्युटर फारच हळू चालतो, माझ्याच हातून त्याचं काहीतरी बिघडलंय." ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. फोनवर असा विषय निघाला की तुम्ही लगेच आईकडे फोन देता.

आधी निर्णय सांगून टाकते, कारण तो घेऊन झालाय. तुमच्या कॉम्प्युटरसाठी 500 जीबीची एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी नवी वेगवान डिस्क, आणि आणखी 4 जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, मागवली आहे. पार्सल आईच्या नावानं येईल. पैसे दिलेले आहेत, दारात कुणाला काही द्यायचं नाही. रविवारी सकाळी दादाचा मित्र येऊन दोन्ही बसवून देईल. न विचारता केलं म्हणून रागावू नका. विचारलं असतं तर "कशाला उगाच खर्च" म्हणाला असतात, आणि कोरेगावच्या काकांच्या वह्या पुन्हा कपाटात गेल्या असत्या. ते मला नको होतं.

कॉम्प्युटरचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमधले आकडे तुम्हीच मला वाचून दाखवलेत: सीपीयू 9 टक्के, मेमरी 92, डिस्क 100. सगळं निदान तिथंच झालं. सीपीयू, म्हणजे विचार करणारा भाग, जवळजवळ रिकामा बसून आहे. दमलीय ती हार्ड डिस्क. तिच्या आत खरोखरच एक तबकडी मिनिटाला हजारो वेळा फिरत असते आणि एक बारीक दांडा तिच्यावर इकडून तिकडे पळत माहिती शोधतो. असा दांडा सेकंदाला फार तर शंभर-दीडशे ठिकाणी पोहोचतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती हेच काम शेकडो पटींनी वेगानं करते. त्यात आपली रॅम फक्त 4 जीबी. विंडोज, ब्राउझर आणि अँटिव्हायरस मिळूनच ती भरते, आणि मग उरलेलं सगळं विंडोज त्याच हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं. आई, ओटा वीतभर असावा आणि मीठ-मसाल्याच्या प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढावं लागावं, तसं ते बिचारं करतंय.

म्हणूनच बाबा, तुम्ही 'क' दाबता आणि तो उशिरा उमटतो. तुम्हाला वाटतं बोट नीट पडलं नाही, तुम्ही परत दाबता आणि दोन 'क' येतात. तुमची बोटं अगदी ठीक आहेत. कचेरीतल्या टाइपरायटरवर मला मांडीवर घेऊन माझं नाव तुम्ही टाइप केलं होतंत, तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. एकही अक्षर वाकडं नाही त्यात. त्या बोटांबद्दल पुन्हा असं बोलायचं नाही.

दादा म्हणत होता, सरळ नवा लॅपटॉप घेऊ. त्याचं मन मोठं आहे आणि त्याचं म्हणणं चूक नाही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला तो मोठा पडदाच बरा. कीबोर्डही हाताखालचा राहील. शिवाय तुमची सगळी पानं श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ते आजच्या सगळ्या मशीनवर चालणारे युनिकोड फॉन्ट नव्हेत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आक्कांच्या सासरची अख्खी शाखा तशी दिसली तर तुम्हाला काय वाटेल, ते मला कळतं. म्हणून दादाच्या मित्राला सांगितलंय की फॉरमॅट मारायचं नाही, म्हणजे सगळं पुसून नव्यानं काही टाकायचं नाही. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे क्लोन, नव्या डिस्कवर करायचा. तुमचे फॉन्ट, फोल्डर, आईचे भजनाचे व्हिडिओ, अगदी पडद्यावरचा गणपतीसुद्धा जागच्या जागी राहील. त्याआधी तो सगळं एका बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घेईल. जुनी डिस्क त्याला नेऊ देऊ नका, कपाटात ठेवा.

आता थोडं ऐकायचं. रोज रात्री शट डाउन करता ते छानच, पण आठवड्यातून एकदा रीस्टार्टही करा. विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. सगळं नव्यानं सुरू होतं ते रीस्टार्ट केल्यावरच. काही उघडायला वेळ लागला तर पुन्हा पुन्हा क्लिक करू नका. प्रत्येक क्लिकनं आणखी एक काम रांगेत लागतं.

आई, तू क्रोशानं विणलेलं कव्हर फार सुंदर आहे, आणि धुळीसाठी हवंच. फक्त कॉम्प्युटर चालू असताना काढून ठेवत जा. मागची जाळी झाकली की आत गरम होतं, आणि फार गरम झालं की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. कॉम्प्युटरचा डबाही भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घ्या. ते काम रविवारी त्या मुलालाच सांगा, बाबांनी वाकायचं नाही.

"तुमचा कॉम्प्युटर स्लो झालाय, आम्ही कंपनीतून बोलतोय" असा फोन आला तर तो खोटाच असतो. ठेवून द्यायचा. काही सांगून झालं असेल, पैसे गेले असतील, तर संकोच न करता लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि मग मला. स्पीड वाढवतो म्हणणारं काहीही डाउनलोड करायचं नाही.

एक गोष्ट लपवत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, आणि आपला प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. नोंदणी केली की सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. ती रविवारीच करून घेऊ. ती मुदत संपली की या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढायचं आणि तो फक्त लिहिण्यासाठी ठेवायचा. बँकेचं काम तर आतापासूनच त्यावर नको.

मी स्वतः तिथं असते तर बरं झालं असतं, हे रोज वाटतं. रविवारी तो मुलगा काम करेल तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी पूर्ण वेळ आहे. त्यानंतर बाबा, पणजोबांपासून पुढे सुरू करा. वाईचं प्रकरण घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही म्हणणार नाही. पण रात्री दहानंतर बसायचं नाही, आणि बीपीची गोळी जेवल्यावर लगेच.

तुमची,
छोटी

ता. क. आई, रविवारी त्या मुलाला पोहे करशील ना? त्याला कांदा चालत नाही. आणि तो पैसे घ्यायला नको म्हणाला तरी पाकीट त्याच्या हातात द्यायचंच, माझं त्याच्याशी बोलणं झालंय.