साइडबारमध्ये ‘एन’ दिसतो, आकडा दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलुंडच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव म्हणून येणारी ईमेल मी ‘मट’ या टर्मिनलवर (नुसता मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर) चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचतो, कारण कार्यालयातला जुना संगणक ब्राउझर उघडला की धापा टाकू लागतो. गळती, पार्किंग, देखभाल खर्च असे विषयवार फोल्डर केले आहेत. गेल्या पावसाळ्यात ‘गळती’च्या फोल्डरपुढे कित्येक दिवस नुसता ‘एन’ दिसत होता. एखादे पत्र असेल, सवडीने पाहू, असे मी म्हणत राहिलो आणि उघडले तेव्हा १४ तक्रारी निघाल्या. वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांनी मला काय ऐकवले, ते येथे लिहीत नाही.

चूक माझी होती, पण तशी ती इतरांकडूनही होऊ शकते, म्हणून हे पत्र. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या या प्रोग्रॅममध्ये फोल्डरांची यादी दाखवणारा साइडबार अधिकृतपणे २०१६ च्या १.७ आवृत्तीत आला. तो सुरू करण्यासाठी ‘साइडबार_व्हिजिबल’ला ‘यस’ द्यावे लागते आणि कोणते फोल्डर दाखवायचे, ते ‘मेलबॉक्सेस’ या आदेशाने सांगावे लागते. एवढे केले तरी आकडे दिसत नाहीत. प्रत्येक फोल्डरमधली पत्रे मोजत बसणे यंत्राला जड जाते, म्हणून ‘मेल_चेक_स्टॅट्स’ ही सेटिंग मुळातच बंद ठेवलेली असते आणि ती आपण चालू करायची असते.

खरी गोम त्यापुढे आहे. साइडबारची ओळ कशी दिसावी, हे ‘साइडबार_फॉरमॅट’ ठरवतो आणि त्यात टक्क्याच्या चिन्हापुढे लहान लिपीतला ‘एन’ असेल, तर नवीन मेल आल्याची नुसती खूण मिळते. न वाचलेल्या मेलचा आकडा हवा असेल तर मोठ्या लिपीतला ‘एन’ आणि एकूण संख्येसाठी मोठ्या लिपीतला ‘एस’ लिहावा लागतो. मूळ फॉरमॅटमध्ये लहान ‘एन’च असतो, त्यामुळे एक मेल असो की चौदा, पडद्यावर फरक दिसत नाही. मला हे कळायला तो पावसाळा जावा लागला. (फोल्डरांची नावे देवनागरीत ठेवण्याचा हट्टही केला होता, काना-मात्रांच्या हिशेबात टर्मिनलवरचे रकाने वेडेवाकडे झाले, तेव्हा निमूटपणे रोमन नावांवर आलो.)

ही मोजणी मूळ सेटिंगप्रमाणे दर ६० सेकंदांनी होते. मेल आपल्या संगणकावर नसून दूरच्या आयमॅप सर्व्हरवर असेल, तर फोल्डरागणिक सर्व्हरला विचारणा जाते, म्हणून आमच्याकडच्या मंद जोडणीवर मी ‘मेल_चेक_स्टॅट्स_इंटरव्हल’ ३०० केला आहे. पाच मिनिटे शिळा आकडा आम्हाला चालतो.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई