टोपी आधी उलटी करून बघ

शहापूर, बेळगाव
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय सखीस,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यातल्या अकाली जन्मलेल्या बाळांसाठी तुझ्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायका क्रोशानं टोप्या विणणार, असं तुझं पत्र आलं आणि सोबत त्यांची वाघोबाची टोपीही. पुडकं फोडल्याबरोबर सुनेनं ती उचलली, 'कसला गोड वाघ आहे हो आई' म्हणत फोटो काढून मोकळी झाली. मी मात्र टोपी आधी उलटी केली. तू हसशील, पण आता हात आपोआप तसाच जातो. बाहेरचा वाघ बघणारे पुष्कळ असतात. बाळाचा संबंध फक्त आतल्या बाजूशी.

आत काय दिसलं ते सांगते, रागावू नकोस. काळ्या पट्ट्यांसाठी दोरा आतून आडवा ओढत नेलाय, त्याचे लांब लांब झोळ सुटलेत. दर पट्ट्यापाशी एक गाठ आहे. ती गाठ तुझ्यामाझ्या डोक्याला कळणारसुद्धा नाही. पण सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात, आणि ते एका कुशीवर पडून असतं. गाठीचा वळ उठायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा आख्खी फेरीच काळी विण, मग पुढची पिवळी. दोऱ्याची टोकं जाड सुईनं विणीतूनच पुढे-मागे तीनदा ओवून टाक आणि कात्रीनं तासून घे. डोळ्यांना मणी लावलेत ते तेवढे काढायला सांग. बटण नको, मणी नको, गोंडाही नको. सुटून तोंडात गेलं तर काय? डोळे, नाक, मिशा सगळं भरतकामानं करायचं, आणि तेही असं की उलट बाजूनं बोट फिरवलं तर काही लागू नये.

कान छान केलेत, पण बाजूला लावलेत. दवाखान्यात उबेसाठी आईच्या छातीवर बाळ उभं बांधलेलं असतं, मान एका बाजूला वळवलेली. तेव्हा बाजूचा कान नेमका गालाखाली येतो. कान वर, माथ्याजवळ घे आणि एकेरी, चपटे ठेव. वाघाचे थोडे मांजरासारखे दिसतील, दिसू देत.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण तुझ्याशी आडपडदा कसला. टोपीला तंबाखूचा वास येतो. तुम्हा निपाणीकरांना तो यायचा नाही, तुमच्या हवेतच तो आहे. विणणारीनं सूप मांडीवरून खाली ठेवलं असेल, हात झटकले असतील आणि सुई धरली असेल. जर्द्याची पूड बोटांच्या रेघांत बसते, तिथून दोऱ्यात उतरते. इकडे ही बाळं श्वासासाठीच झगडत असतात. पोटातल्या बाळालासुद्धा तंबाखू सोसत नाही, हे तुला मी काय सांगणार? तुझ्या गल्लीत कुणाकुणाची बाळं वेळेआधी आणि हलकी जन्मली ते तूच लिहिलंस. त्या बायकांना हे काम इतकं आपलं का वाटलं, ते मला त्यावरून उमगलं.

म्हणून नको म्हणत नाहीच. उलट, आमच्या शहापुरात विणकरांची घरं एवढी, तरी तशी बोटं इथे मिळायची नाहीत. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, आणि हे सगळं गप्पा मारता मारता, खाली न बघता! फक्त विडीला बसण्याआधी, सकाळी साबणानं हात धुऊन विणायचं. मांडीवर धुतलेला पंचा, दोरा झाकणाच्या डब्यात. झालेल्या टोप्या तुझ्या घरी गोळा कर आणि साध्या साबणानं, गरम पाण्यातून दोनदा काढ. ते सुगंधी कंडिशनर अजिबात नको. उन्हात वाळवून लगेच स्वच्छ पिशवीत.

आणि एक, माझं मत म्हणून ऐक. हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी बुडवून कुणी टोपी विणू नये. 'सेवा आहे' म्हटलं की बाईमाणूस नाही म्हणत नाही, आणि मग रात्री डोळे फोडत दोन्ही कामं उरकते. तू दर महिन्याला पन्नास टोप्यांचं म्हणतेस, तसला आकडा कुणाच्या डोक्यावर ठेवू नकोस. दोरा मी पाठवते. जिला खरोखर सवड आहे तिनं एक विणावी. जिला मजुरी हवी तिला आपण द्यावी. दान आपण करू, त्यांच्याकडून कशाला करून घ्यायचं?

मापाचं विचारलंस. आपण बारशाला विणतो ते टोपडं इथे उपयोगाचं नाही, त्यात ही बाळं बुडतात. २८ आठवड्यांच्या बाळाचं डोकं साधारण २६ सेंटीमीटर, ३२ आठवड्यांचं २९, ३६ आठवड्यांचं ३३ च्या आसपास. टोपी त्याहून दोन सेंटीमीटर कमी घेरायची, ताणून नीट बसते. टाके मोजत बसू नकोस, प्रत्येकीचा हात वेगळा असतो. वरची चकती मोज. ती साडेसात सेंटीमीटर रुंद झाली की टाके वाढवणं बंद, लहान टोपी होते. मधल्या मापाला साडेआठ, मोठ्या मापाला पावणेदहा. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद होणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात, आठ अर्धे खांब (क्रोशाचे आखूड टाके), पुढे दर फेरीत आठ वाढव. मधलं भोक ओढून पक्कं बंद कर. पूर्ण खांब घेऊ नकोस, लवकर होतं पण जाळी पडते आणि ऊब तिथूनच निसटते. तीन नंबरची सुई पुरते. खाली तीन बोटं जास्त विणून दुमड ठेव, बाळ वाढलं की उलगडता येते. कधी डोक्याच्या शिरेत सलाईनची सुई असते, तेव्हा टोपी अलगद वर सरकवता आली पाहिजे, म्हणून काठ घट्ट नको.

दोरा सुती, मऊ. सरकारी दवाखान्यात धुणं गरम पाण्यात निघतं, खरी लोकर त्यात आटून कडक होते. केसाळ लोकर तर दिसायला कितीही गोड असू दे, तंतू नाकात जातात. हातमोजे विणू का म्हणून विचारलंस, तर नको. आतला एखादा सुटा धागा चिमुकल्या बोटाला गुंडाळला तर रक्त तिथेच अडतं, आणि मोज्यात झाकलेलं असल्यानं कुणाला दिसतही नाही.

एवढा आटापिटा टोपीसाठीच का, तर नवजात बाळाच्या अंगाचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोकंच असतं. शेवटच्या तीन महिन्यांत पोटात जी चरबी साठते, ऊब धरणारी, ती साठायच्या आतच ही बाळं बाहेर आलेली. अंग साडेछत्तीस अंशांच्या खाली गेलं की जे बळ वजन वाढवायला हवं ते ऊब राखण्यातच खर्ची पडतं. तुला माहीतच आहे आपल्याकडची आषाढातली झड. कणकुंबी-जांबोटीकडून आलेल्या बायका तर ओल्या लुगड्यांनी उतरतात.

भाची या बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून मला कांगारू खोलीपर्यंत जाता येतं. पुढे काचेच्या आत नाही, आणि जाऊही नये. त्या खोलीत आया आरामखुर्च्यांवर रेललेल्या असतात, छातीशी उघडं बाळ, वरून पट्टा. बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपी, बस्स. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा गावी एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी सुरू केली. काचेच्या पेट्या पुरेनात, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. मग त्यांनी आईलाच पेटी केलं. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसातले ८ तास तरी, जमलं तर २४ तास बाळ असंच ठेवा. २०२२ साली त्यांनी हेही सांगितलं की बाळ स्थिर व्हायची वाट बघू नका, जन्मल्यापासूनच सुरू करा.

तिथे एक खानापूरकडची मुलगी होती, पहिलटकरीण. बाळ बाराशे ग्रॅम. पहिल्या आठवड्यात या बाळांचं वजन उतरतंच, पण ते तिला कोण समजावणार? रोज सकाळी वजनाचा आकडा ऐकायचा आणि तोंड भिंतीकडे करायचं. बाळाला हात लावायलाही बिचकायची, नळ्या बघून. भाचीनं त्या दिवशी आमची भोपळ्याची टोपी बाळाला घातली. केशरी फेऱ्या, माथ्यावर हिरवा देठ, तोही चपटा शिवलेला. मुलीनं बराच वेळ बघितलं. मग एकदम म्हणाली, 'म्हातारी बसलीया की गं भोपळ्यात!' शेजारची बाई हसली. आणि ही त्या एवढ्याशा जिवाच्या कानाशी लागून सांगायला लागली, की वाघोबा, आत्ता मला खाऊ नकोस, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठ होऊन येते. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. सगळी गोष्ट सांगितली, कोल्ह्यासकट. पलीकडची कानडी सिस्टर त्या बाळाला 'कुंबळकाई', म्हणजे भोपळाच, म्हणायला लागली, आणि डिस्चार्जपर्यंत तेच नाव चाललं. वजन दुसऱ्या आठवड्यापासून चढलं, ते दुधानं आणि छातीवरच्या उबेनं, टोपीनं नव्हे. पण ती मुलगी भिंतीकडे तोंड करून बसायची थांबली, ते मी डोळ्यांनी बघितलं.

म्हणून सोंगं निवडायची ती आईला गोष्ट आठवेल अशी. भोपळा, वाघ, काऊ आणि चिऊ, ससा नि कासव. टीव्हीवरची कार्टूनं पोरींना आवडतात खरी, पण वॉर्डात येणाऱ्या आजीला ती कुणाची कोण कळत नाहीत, आणि सांगण्यासारखं काही नसतं. जिरेटोप मात्र सगळ्यांना हवा असतो. आपल्याकडे वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हा तर विचारूच नकोस. मोत्यांचा तुरा पांढऱ्या दोऱ्यानं भरून काढतो, मागचं टोक लोंबतं न ठेवता आत घेतो. मुलगा की मुलगी हे आम्ही विचारत नाही. एका आजोबांनी 'पोरीला जिरेटोप?' असं म्हणून बघितलं, त्यांच्या बायकोनंच त्यांना गप्प केलं.

रंगांचं तुला सांगायलाच नको. या गावात भोपळा केशरी झाला तर एक जण बघतो, वाघ पिवळा नि त्याची जीभ लाल झाली तर दुसरा. सीमावादाचं गाव हे, केशरी दिसला की मराठी झेंडा आठवतो, पिवळा-लाल दिसला की कानडी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवसांत, तर फार. मी सरळ म्हणते, बाबा, भोपळा निळा असतो का?

आणि तीट! हे तुला आवडेल. वॉर्डात काजळ चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आज्या कासावीस होतात, बोटाला काळं लावून दाराशी उभ्या. मग मी दुमडीच्या वर, डाव्या कानाच्या अंगाला काळ्या दोऱ्यानं मुगाएवढा ठिपका भरायला लागले. वाघ असो, ससा असो, तीट असतेच. आज्यांचा जीव भांड्यात पडला. 'नवं कापड आधी घालू नये' म्हणणाऱ्यांना भाची सांगते, दोनदा धुतलंय, आता कसलं नवं?

टोप्या कुठे द्यायच्या ते आधी ठरव. एका दवाखान्यात आम्ही पिशवीभर नेल्या, साहेबांसोबत फोटो झाला, आणि टोप्या कपाटात गेल्या त्या तिथेच. त्यामुळे आता साहेबांकडे जातच नाही. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला विचारायचं की कोणत्या मापाच्या संपल्यात, कधी हव्यात. तिला नको असतील तर मुकाट्यानं परत यायचं. १७ नोव्हेंबरला अकाली जन्मलेल्या बाळांचा जागतिक दिवस असतो, त्या दिवशी सगळीकडून जांभळ्या टोप्यांचा पाऊस पडतो. तुझ्या टोप्या त्या गर्दीत पाठवू नकोस. पौष-माघात कुणी देत नाही आणि थंडी तेव्हाच असते. आयांना एवढं सांगायला सांग, की घरी गेल्यावर चैत्र-वैशाखात टोपी घालून झोपवू नका, बाळ तापतं.

सुनेची बहीण गुरुवारी निपाणीला येतेय. तिच्याजवळ सुती दोरा, सुया आणि माझ्या तीन मापांच्या टोप्या देते, नमुन्याला. केशरी दोरा सध्या गणपत गल्लीत मिळेना, तोवर ससे करून घे. तुझ्या गल्लीतल्या त्या थोरल्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर त्यांना निदान महिनाभर सुई धरू देऊ नकोस, कितीही म्हणाल्या तरी. आणि खव्याचा कुंदा पाठवतेय, त्यातला अर्धा तरी विणणाऱ्यांना दे, सगळा तुझ्या नातवाला नको.

तुझीच,
शहापूरकरीण