गाडी तुमच्या वर्कशॉपमध्ये, हप्ते माझ्या खात्यातून

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व सुटे भाग विभाग
प्रत : व्यवस्थापक, अधिकृत वर्कशॉप

विषय : ऑनबोर्ड चार्जर नादुरुस्त झाल्याने आपल्या वर्कशॉपमध्ये पडून असलेल्या इलेक्ट्रिक गाडीची दुरुस्ती, सुट्या भागाची लेखी तारीख आणि वॉरंटीची मुदत वाढवून मिळण्याबाबत.

महोदय,

यंत्र आहे, कधीतरी बिघडणारच, एवढे मला कळते. म्हणून गाडी बंद पडली त्या दिवशी मी कोणावरही आवाज चढवला नाही. हे पत्र लिहायची वेळ आली ती त्यानंतरच्या महिन्यांमुळे. एवढा काळ गाडी तुमच्या अधिकृत वर्कशॉपच्या मागच्या रांगेत उभी आहे, कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून वेळच्या वेळी जातो आहे, विमाही चालू आहे, आणि ‘भाग कधी येणार?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एकाही माणसाकडे नाही.

काय घडले ते आधी थोडक्यात सांगते. गाडीने एके रात्री चार्ज घ्यायचे नाकारले. सकाळी पडद्यावर लाल सूचना आली, थोड्या वेळाने पडदाही विझला आणि गाडी जागची हलेना. मुख्य बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली होती, तरी दाराच्या मुठीसुद्धा बाहेर येईनात. या मॉडेलमध्ये तुम्ही ऑनबोर्ड चार्जर (बाहेरून आलेली वीज मोठ्या बॅटरीत भरणारा) आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून छोट्या बॅटरीला वीज देणारा) एकाच पेटीत बसवले आहेत. ती पेटी गेली की मोठ्या बॅटरीकडून १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला मिळणारी वीज थांबते. आणि दाराची कुलपे, पडदा, सगळे कंट्रोलर, इतकेच काय, मोठ्या बॅटरीची वीज मोटरपर्यंत सोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टरही, त्या छोट्या बॅटरीच्याच जिवावर चालतात. तिजोरी भरलेली आणि किल्ली तिजोरीच्या आत, असा हा प्रकार. दोन्ही कामे एका पेटीत घातल्याने जागा, वजन आणि तुमचा खर्च वाचला असेल. पण मग ती पेटी गेली तर गाडी पूर्ण बंद पडते, हे तुमच्या अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. ज्या एका भागावाचून गाडी हलूच शकत नाही, तो भाग गोदामात शिल्लक ठेवायला हवा होता.

वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट त्याचे नाव चांगल्या अर्थाने तुमच्या कानावर जावे असेच मला वाटते. ८०० व्होल्टच्या यंत्रणेला हात घालायचा म्हणजे आधी सर्व्हिस प्लग काढून वीज तोडायची, कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरायची वाट पाहायची, मीटर लावून शून्य व्होल्टची खात्री करायची, आणि हे सारे इन्सुलेटेड हातमोजे घालून. त्याने ते नीट केले आणि निदानही चटकन केले. अडचण अशी, की उच्च दाबाच्या कामाचे प्रशिक्षण घेतलेला तो त्या वर्कशॉपमधला एकटाच आहे. तो रजेवर गेला की अशा सगळ्या गाड्यांची कामे थांबतात. गाड्या विकायला तुमच्याकडे माणसांची कमतरता मला कधी दिसली नाही.

निदान झाले, भाग मागवला, आणि तिथून पुढे शब्दांचा खेळ सुरू झाला. सुरुवातीला भाग ‘येतोय’ होता. मग तो ‘बॅकऑर्डर’वर गेला, म्हणजे साठा संपलेला, नवा आला की मिळणार. मग कळले, की जुना पार्ट नंबर बंद झाला आहे, नवा आला आहे, म्हणून ऑर्डर रद्द करून पुन्हा टाकावी लागली आणि आम्ही रांगेच्या शेवटी गेलो. नंबर तुमच्या कंपनीने बदलला, रांगेतली जागा माझी गेली. त्यानंतर एकदाची पेटी आली! मी आनंदाने वर्कशॉपला गेले, तर सर्व्हिस अॅडव्हायझर खाली मान घालून म्हणाला, मॅडम, पेटी आली पण कूलंटच्या, म्हणजे पेटी थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, जोडाचे सील आणि बोल्ट आले नाहीत. ते एकदाच वापरायचे असतात, जुने परत बसवता येत नाहीत. म्हणजे पेटी आली, आणि मूठभर सील-बोल्टसाठी गाडी पुन्हा थांबली. ते आल्यावर पेटी बसवली, तर ती तुमच्या सर्व्हरवरून माझ्या चासी नंबरशी जोडली जाईना. आता निष्कर्ष असा, की आलेली पेटी चुकीच्या आवृत्तीची आहे आणि दुसरी मागवावी लागेल. पुन्हा बॅकऑर्डर.

या काळात तुमच्या हेल्पलाइनने मला जी कारणे दिली ती मी लिहून ठेवली आहेत. त्यांतली काही तुमच्या वरिष्ठांनीही वाचावीत असे मला वाटते.

एक कारण असे मिळाले, की लिथियम बॅटरी धोकादायक माल असल्याने विमानाने आणता येत नाही, जहाजाने यावी लागते. बॅटरीपुरते हे बरेचसे खरे आहे. १ एप्रिल २०१६ पासून सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही. मालवाहू विमानातही तिचा चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको, आणि एका खोक्यात ३५ किलोपेक्षा जास्त बॅटरी असेल तर सरकारी मंजुरी लागते. तुमच्या गाडीचा बॅटरी पॅक काही शे किलोंचा. पण महोदय, मला बॅटरी नकोच आहे. माझी बॅटरी ठणठणीत आहे. मला हवी आहे चार्जरची पेटी, आणि तिच्यात लिथियमचा एकही सेल नसतो. ती उद्या विमानात चढवली तरी कोणाची हरकत असायचे कारण नाही.

दुसऱ्या वेळी सांगण्यात आले, की चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यामुळे पुरवठा अडला आहे. एप्रिल २०२५ मध्ये तसे निर्बंध आले हे खरे, आणि डिस्प्रोसियम, टर्बियम यांच्यावाचून अनेक मोटर-कारखान्यांची पंचाईत झाली हेही खरे. ते धातू लागतात मोटरमधल्या कायमस्वरूपी चुंबकांना. माझ्या गाडीची मोटर बिघडलेली नाही. चार्जरमध्ये ती चुंबके नसतातच. म्हणजे फोनवर बसलेल्या माणसाच्या हाती कोणीतरी कारणांचा कागद दिला आहे आणि कोणता भाग बिघडला आहे हे न पाहता तो वरून खाली वाचतो आहे. त्या माणसाचा मला राग नाही. दर फोनला ‘तुमची गैरसोय मी समजू शकतो’ म्हणायचे, आणि हातात अधिकार काहीच नाही, ही नोकरी सोपी नसावी.

लाल समुद्राचेही कारण ऐकले. २०२३ च्या अखेरीपासून तिथे जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्या वळशाने प्रवास साधारण दहा-पंधरा दिवसांनी लांबतो. महिन्यांचा हिशेब त्यातून लागत नाही. त्याआधी मार्च २०२१ मध्ये एकच जहाज आडवे अडकून सुएझ कालवा ६ दिवस बंद राहिला होता, तेव्हापासून पुरवठ्याची साखळी किती नाजूक आहे हे सगळ्या वाहन उद्योगाला माहीत आहे. माहीत असलेल्या धोक्यासाठी साठा ठेवतात. तुम्ही ठेवला नाही.

चिपच्या टंचाईचे कारण मात्र मी मान्य करायला तयार आहे. या पेटीत सिलिकॉन कार्बाइडचे स्विच असतात, कंट्रोलरच्या चिप असतात, आणि २०२० नंतरची दोन-तीन वर्षे त्यासाठी कारखान्यांनी काय सोसले हे सर्वांना ठाऊक आहे. पण इथेच माझा मूळ प्रश्न उभा राहतो, आणि या सगळ्या पत्रातून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे असेल तर याचे द्या. भाग जर खरोखर मिळतच नसेल, तर तुमच्या कारखान्यातून हेच मॉडेल रोज बाहेर कसे पडते? प्रत्येक नव्या गाडीत हीच पेटी बसते. शोरूमच्या काचेआड उभ्या असलेल्या गाडीतही ती आहे. मला जिच्यात बसून पाहायला सांगण्यात आले आणि जिचा नवा रंग कौतुकाने दाखवण्यात आला, तिच्यातही. पुरवठादाराकडून आलेल्या पेट्यांपैकी किती कारखान्याला द्यायच्या आणि किती सुट्या भागांच्या गोदामाला, हे कोणीतरी टेबलावर बसून ठरवते. त्या वाटणीत पैसे देऊन झालेला ग्राहक शेवटी येतो, कारण त्याचे पैसे आधीच जमा झालेले असतात. याला टंचाई म्हणू नका. हा तुमचा निर्णय आहे, आणि त्याचा भुर्दंड मी भरते आहे.

बाहेरून दुरुस्ती करून घ्यायचा मार्गही तुम्ही ठेवलेला नाही. अशा पेट्यांचे बोर्ड उघडून जळालेला घटक बदलून देणारे हुशार कारागीर आहेत. पण पेटी तुमच्या सर्व्हरच्या परवानगीशिवाय गाडी स्वीकारत नाही, सर्किटची माहिती तुम्ही देत नाही, आणि सील उघडले तर वॉरंटी गेली म्हणता. सुरक्षेचा मुद्दा मला पटतो. पण दुरुस्तीचा एकमेव दरवाजा तुम्ही स्वतःच्या हाती ठेवला असेल, तर तो वेळेवर उघडण्याची जबाबदारीही तुमचीच. विक्रीनंतरची भरवशाची सेवा आणि सुटे भाग पुरेसे मिळावेत, ही अपेक्षा संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली मान्य केलेल्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही लिहिलेली आहे. मी काही जगावेगळे मागत नाही.

उभ्या गाडीचे काय होते हेही बोलायला हवे, कारण ‘गाडी आमच्याकडे सुरक्षित आहे’ हे वाक्य मला वारंवार ऐकवले जाते. मुख्य बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल ते. किलोमीटर थांबले आहेत, वर्षे थांबलेली नाहीत. लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तरी म्हातारी होते, चार्ज जास्त आणि उन्हाचा ताव असेल तर लवकर होते, आणि चार्ज फार खाली गेला तर सेलना इजा होते. माझ्या गाडीची बॅटरी आज किती टक्क्यांवर आहे, हे मी विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. छोटी बॅटरी मेलेली असल्यामुळे गाडीच्या अॅपवरही काही दिसत नाही. अडीच टनांच्या आसपासची गाडी एकाच जागी उभी राहून टायरना सपाट डाग पडतात, ब्रेकच्या डिस्क गंजतात. उद्या पेटी बसेल, आणि मग या गोष्टींची बिले माझ्या हातात पडतील, अशी मला रास्त भीती आहे.

पर्यायी गाडीबद्दल काय लिहावे? थोडे दिवस एक छोटी पेट्रोल गाडी दिली, मग ‘धोरणाप्रमाणे मुदत संपली’ म्हणून परत घेतली. दुरुस्तीला मुदत नाही, पर्यायी गाडीला आहे.

२०२४ मध्ये फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या गाडीमालकांना एकत्र येऊन संघटना काढावी लागली आणि सुटे भाग स्वतःच शोधत फिरावे लागले. तिथे निदान कंपनीच बुडाली होती. तुमची कंपनी चालू आहे, नवी मॉडेल आणते आहे, आणि तरी माझी अवस्था त्यांच्याहून फार वेगळी नाही. वापरलेल्या गाड्यांचे व्यापारी हे सगळे जाणून असतात. या मॉडेलचे नाव काढले की त्यांचा पहिला प्रश्न ‘पार्ट मिळतात का?’ हाच असतो.

आता माझ्या मागण्या. योग्य आवृत्तीची पेटी, तिच्यासोबत लागणारे सील, बोल्ट आणि कूलंट यांसह, कारखान्याच्या उत्पादन साठ्यातून किंवा न विकलेल्या गाडीतून काढून विमानाने पाठवावी आणि ती कोणत्या तारखेला बसेल हे मला लेखी कळवावे. गाडी वर्कशॉपमध्ये राहिली तेवढा सगळा काळ मूळ वॉरंटीत आणि बॅटरीच्या वॉरंटीतही मिळवून द्यावा. दुरुस्ती होईपर्यंत त्याच दर्जाची इलेक्ट्रिक गाडी मला वापरायला द्यावी. ते जमत नसेल तर त्या काळाचे कर्जाचे हप्ते आणि विम्याचा हिस्सा भरून द्यावा. मुख्य बॅटरी आजपासून मध्यम चार्जवर ठेवावी, छोट्या बॅटरीला तिचा चार्ज टिकवून ठेवणारा मेंटेनर लावावा, आणि गाडी परत देताना बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल, टायर व ब्रेकची तपासणी तुमच्या खर्चाने करून द्यावी. ठरलेल्या तारखेलाही काम झाले नाही तर गाडी परत घेऊन रक्कम परत करावी किंवा बदली गाडी द्यावी, यावर चर्चा नको, हो किंवा नाही असे उत्तर हवे.

जॉब कार्डची, रद्द झालेल्या आणि नव्या ऑर्डरची, हप्त्यांच्या पावत्यांची आणि आपल्या हेल्पलाइनशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत, सुट्या भागांची वाटणी ठरवण्याचा ज्याला अधिकार आहे अशा अधिकाऱ्याच्या सहीने उत्तर यावे. तसे न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन. कृपया हेल्पलाइनवरून फोन करू नये.

कळावे,

आपली,
एक गाडीमालक
(ग्राहक क्रमांक व चासी नंबर जॉब कार्डवर नमूद आहेत.)