कॉलेजच्या मॅचनाही जागा द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर क्रिकेट सोडून काही येतच नाही म्हणून लिहितेय. माझा भाचा लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत होता, त्यांच्या टीमने 2019 च्या सीझनला 15 पैकी 15 मॅच जिंकल्या (अमेरिकन फुटबॉल हं, आपला नव्हे). फायनल तिकडे 13 जानेवारी 2020 च्या रात्री म्हणजे आपल्या बडोद्यात उत्तरायणाची सकाळ, अख्खा दांडिया बाजार गच्चीवर आणि आम्ही लॅपटॉपसमोर, फिरकी कोपऱ्यात तशीच, आधी 17-7 मागे होते तेव्हा ताईने हातातला तिळाचा लाडू खाल्लाच नाही, शेवटी समोरच्या क्लेमसन युनिव्हर्सिटीला 42-25 हरवलं!

त्यांचा मुख्य खेळाडू, बॉल फेकणारा जो बरो (Joe Burrow), त्याला आधीच्या कॉलेजात चान्सच मिळत नव्हता, त्याने इथे सीझनमध्ये 60 टचडाउन पास (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले. पण मला भिडलं ते वेगळंच, हाइसमन ट्रॉफी (तिकडच्या कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) घेताना तो आपल्या गावाकडच्या उपाशी पोरांबद्दल बोलला, त्याचा गळा दाटून आला, नंतर लोकांनी तिथल्या अन्नवाटप केंद्राला 5 लाख डॉलरच्या वर दिले.

आपलीही पोरं पहाटे ग्राउंडवर घाम गाळतात हो. त्यांच्या इंटर-कॉलेज मॅचचा साधा स्कोअर तरी छापा, फोटो नसला तरी चालेल, नावं तेवढी नीट लिहा.

तुमची एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदा