दोन ट्रेक केले की ‘लीडर’?

मा. संपादक,
स. न.

पावसाळा लागला की आपल्या पुरवणीत गडांच्या वाटा छापून येतात आणि शनिवारी रात्री पुण्यातून ट्रेकच्या बसगाड्या सुटतात. त्या गाड्यांमध्ये ‘लीडर’ म्हणून बसलेली मुलं पुष्कळदा कॉलेजची असतात. एकोणिसाव्या वर्षी मीही तशीच बसले होते, आणि त्याबद्दलच लिहिते आहे.

एका ग्रुपबरोबर मी पैसे भरून दोन ट्रेक केले होते. तिसऱ्याच्या वेळी फोन आला, “तू चांगली चालतेस, लीड करशील का? तुझे पैसे घेणार नाही.” हरिश्चंद्रगड, खिरेश्वरची वाट. ती मी आधी एकदाच चालले होते, तीही डिसेंबरात, लख्ख उन्हात. तरी हो म्हणाले. आईला किती आनंदाने सांगितलं होतं मी!

जुलैचा पाऊस, ४२ माणसं आणि लीडर आम्ही दोघं, दोघंही एसवायला. तोलार खिंडीपर्यंत सगळं सुरळीत झालं. खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळ आहे, तिथे गर्दी तुंबली आणि माणसं पांगली. पुढचा टप्पा ज्यांनी पाहिलाय त्यांना तो वेगळा सांगायला नको. एकामागून एक टेकाडं, मधे ओढे, सगळं एकसारखं. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. जोडीदार पुढे होता, मी शेवटी असायला हवं होतं. पण मधे कुणीतरी घसरून पडलं म्हणून मी धावत पुढे गेले आणि मागे कोण राहिलं ते पाहिलंच नाही. देवळापाशी मोजली तर ३९ माणसं.

यादी माझ्या वहीत होती, शाईच्या पेनाने लिहिलेली. पान भिजून नावं एकमेकांत उतरली होती. हाका मारायच्या तर कुणाच्या नावाने, तेच कळेना. फोनला रेंज नव्हती. गडावर पायथ्याच्या पाचनई गावातल्या एका मामांचा झाप, म्हणजे झोपडी होती. त्यांनी टॉर्च आणि काठी उचलली. मी निघाले तशी म्हणाले, “पोरी, तू हितंच थांब. न्हाईतर चौथी तुला हुडकावी लागंल.” पावणेदोन तासांनी ते तिघींना घेऊन आले. पन्नाशीच्या एका बाईंच्या पायात गोळे आले होते आणि दोन मुली त्यांच्याजवळ बसून राहिल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत म्हणून सापडल्या. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आले, या तिघींबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या शनिवारसाठी मात्र मला पुन्हा विचारणा झाली.

मी तो ग्रुप सोडला आणि कॉलेजच्या गिर्यारोहण क्लबात गेले. तिथे पहिलं वर्षभर मला फक्त ‘टेल’ ठेवलं. टेल म्हणजे सगळ्यात शेवटचा माणूस, ज्याने कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. सुरुवातीला मला ते खालचं काम वाटलं. पण माणसं कळतात ती तिथेच. कुणाच्या बुटाचा तळ उलायला आलाय, कोण बोलता बोलता गप्प झालंय, दम्याचा पंप कुणी सॅकच्या तळाशी टाकलाय. आता यादी मी पेन्सिलीने लिहिते, कारण पेन्सिल पाण्यात फुटत नाही. एक प्रत पायथ्याच्या गावात आणि एक घरी असते.

मागच्या ऑगस्टमध्ये भीमाशंकरच्या शिडी घाटाला १८ जणांना घेऊन गेले होते. खांडसमध्ये चहा पितानाच सगळ्यांना सांगितलं, “शिडीवरून पाणी वाहत असेल तर परत फिरायचं.” शिडी गाठली तर वरून लोंढाच येत होता. परत फिरलो. दोघं माझ्याशी आजही बोलत नाहीत. पण तिथे वाद घालत उभं राहावं लागलं नाही, कारण ठरलं होतं ते खालीच, कोरड्या जागेत. हे मला क्लबातल्या सीनियर ताईने शिकवलं.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पण पैसे भरताना ती कुणी विचारतं का? मी लोकांना विचारायला सांगते, आणि सोबत हेही की लीडर या वाटेने पावसाळ्यात किती वेळा गेलाय आणि टेलला कोण आहे.

कॉलेजांकडेही एक मागणं आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचा असतो आणि ७५ टक्के हजेरीची अट डोक्यावर असते. माझ्या मैत्रिणीने मिळालेली जागा त्यापायी सोडली. खेळाडूंना स्पर्धेसाठी हजेरीत सवलत मिळते, तशी या मुलांनाही मिळावी. शिकायची तयारी असलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांना शिकू न देता बेचाळीस माणसं त्यांच्या हवाली होताहेत.

आपल्या पुरवणीत वाटेची माहिती येते, तिथेच ती पावसात कुठे चुकते आणि परत कुठून फिरावं, एवढं दोन ओळींत छापाल का? खिरेश्वरच्या वाटेसाठी त्या दोन ओळी मी लिहून पाठवते.

– तृतीय वर्ष बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, पुणे