चेंबरमध्ये बसतं म्हणजे चालतं, हे कोणी ठरवलं?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
काडतूस उत्पादक कंपनी

विषय : .32 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसांच्या डबीवर दाबाची माहिती नसणे आणि फोनवरून मिळालेला धोकादायक सल्ला

महोदय,

तुमच्या .32 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग काडतुसांची डबी मी नागपुरातल्या परवानाधारक दुकानातून रीतसर पावतीवर घेतली. डबीवर ठळक अक्षरांत 'हाय व्हेलॉसिटी', त्याखाली 'सर्व .32 रिव्हॉल्व्हरसाठी', मागे तारीख आणि बॅच क्रमांक. गोळीचं वजन किती ग्रेन, वेग किती, बार उडताना चेंबरमध्ये (सिलेंडरच्या ज्या भोकात काडतूस बसतं तिथे) कमाल दाब किती, यातलं अक्षरही नाही. काडतुसाच्या बुडावरचा शिक्का तर नेहमीच्या मालासारखाच. डबीतून काढून जुन्या काडतुसांत मिसळली, तर कुठलं कुठलं हे तुम्हालाही ओळखता येणार नाही.

माझं रिव्हॉल्व्हर साठच्या दशकातलं वेब्ली मार्क फोर, वडिलांनंतर माझ्या लायसन्सवर चढलेलं. हे मधून मोडतं. अंगठ्याने खटका दाबला की वरची कडी सुटते, बॅरल आणि सिलेंडर पुढे झुकतात आणि मधला तारा (ताऱ्याच्या आकाराची चकती) सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलतो. सोय मोठी, पण किंमतही आहे. अखंड फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वरची पट्टी फ्रेमशी एकजीव असते. इथे ती कडीने अडकवलेली असते. प्रत्येक बाराचा ताण ती कडी आणि खालची बिजागरी सोसतात.

रेंजवर तुमचे मोजकेच राऊंड उडवले आणि रिव्हॉल्व्हर उघडलं, तर तारा जागचा हलेना. पुंगळ्या चेंबरच्या भिंतींना धरून बसल्या होत्या. साध्या काडतुसांच्या पुंगळ्या उलटं केलं की खळखळ पडतात. तुमच्या पुंगळ्या सिलेंडर निवल्यावर पुढून लाकडी काडी घालून एकेक ढकलाव्या लागल्या. पुंगळ्यांच्या बुडावरच्या, घोडा आपटतो त्या टोप्या (प्रायमर) चपट्या झाल्या होत्या. नुसत्या टोपीवरून दाब सांगता येत नाही, रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तर नाहीच, एवढं मलाही कळतं. पण अडकलेल्या पुंगळ्या आणि चपट्या टोप्या एकत्र दिसल्यावर मी थांबलो. आर्मररने, म्हणजे हत्यारं तपासणाऱ्या कारागिराने, कडी बंद करून बॅरल हलवून पाहिलं, तर पूर्वी नसलेली बारीक हालचाल आता बोटाला जाणवते. शिवाय गोळ्या खाली लागत होत्या. झटक्याने बॅरल वर उचललं जायच्या आत वेगवान गोळी निघून जाते, आणि माझ्या रिव्हॉल्व्हरची नेम धरायची माशी काही वरखाली करता येत नाही. ही शेवटची गोष्ट मी तक्रारीत धरत नाही. बाकीच्या धरतो.

मग तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं, "काका, चेंबरमध्ये बसतंय ना? मग बिनधास्त वापरा. चालणार नसतं तर बसलंच नसतं." दाबाचा आकडा विचारला, तर "ते कॉन्फिडेन्शियल असतं." ई-मेलला उत्तर आलं की उत्पादन सर्व मानकांनुसार आहे. कोणत्या मानकांनुसार, ते मात्र नाही.

'बसतं म्हणून चालतं' या उत्तरासाठीच हे पत्र आहे. 1935 मध्ये .357 मॅग्नम आलं तेव्हा त्याची केस (पुंगळी) .38 स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली, ती याच कारणासाठी. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांच्या सामी मानकात .38 स्पेशलला कमाल 17,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि .357 ला 35,000. व्यास तोच, दाब दुप्पट, म्हणून जुन्या .38 मध्ये ते शिरूच नये अशी तजवीज केली. .32 च्या घराण्यातही तेच झालं. 1984 चं .32 एच अँड आर मॅग्नम लाँगपेक्षा लांब, आणि 45,000 पीएसआयचं .327 फेडरल त्याहूनही लांब. लाँगची मर्यादा आहे 15,000. आणि जिथे लांबी तीच ठेवून दाब वाढवला, त्या .38 स्पेशल प्लस पी (जादा दाबाच्या) काडतुसात, तिथे निदान बुडावर '+पी' ठोकतात. तुम्ही लांबीही तीच ठेवली आणि शिक्काही तोच. तरीही तुमचा माणूस सांगतो, बसतंय ना!

वेग वाढला म्हणजे दाब वाढलाच असं नाही, हेही मान्य. गोळी हलकी केली की त्याच दाबात वेग मिळतो. तसं असेल तर लिहा ना डबीवर.

'सर्व .32' हे शब्द तर तातडीने काढा. विदर्भात जुन्या मालगुजारी घराण्यांकडे लायसन्सवर अजून कितीतरी जुनी हत्यारं आहेत. .32 एस अँड डब्ल्यू, म्हणजे आखूड .32, 1878 चं, काळ्या बारुदीच्या जमान्यातलं; लाँग आलं 1896 मध्ये. आखूडवाल्या काही जुन्या रिव्हॉल्व्हरचे चेंबर सरळ आरपार कोरलेले असतात, त्यात लाँग आरामात शिरतं. पणजोबांच्या वेळच्या अशा हत्यारात कोणी तुमच्या डबीवर विश्वास ठेवून बार उडवला तर? हाताची बोटं सिलेंडरच्या शेजारीच असतात.

माझ्या वेब्लीवर ब्रिटिश प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे, शिक्के आहेत. त्यात बोअर (नळीचा व्यास), केसची लांबी आणि दर चौरस इंचाला किती टन दाब, हे कोरलेलं आहे. साठ वर्षांपूर्वी लोखंडावर कोरता येत होतं ते तुम्हाला पुठ्ठ्यावर छापता येत नाही. तो आकडा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आधी तुमचा येऊ द्या. आणि कशाने मोजला तेही सांगा. जुने टन तांब्याच्या नळकांड्याच्या चेपण्यावरून काढलेले असत, आजचे पीएसआय पिझो (दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या) सेन्सरवरून येतात. दोन्हींचा सरळ गुणाकार-भागाकार जमत नाही.

चाचणी किती तापमानाला केली, हेही हवं. युरोपच्या सीआयपी या चाचणी-मानकाच्या पद्धतीत काडतुसं साधारण 21 अंशांना ठेवून तपासतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तापलेली दारू वेगाने जळते आणि दाब वाढतो. मर्यादेला टेकलेलं काडतूस नागपूरच्या उन्हात मर्यादेत राहील का, याचा हिशोब विकणाऱ्याने आधी करायचा असतो.

नव्या, भक्कम अखंड फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तुमचा माल चांगला चालतही असेल. मग डबीवर तसंच छापा, आणि मधून मोडणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरू नये हे मराठी-हिंदीत, दुकानदाराला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहा. बुडावर वेगळी खूण टाका. माझ्या बॅचचा दाबाचा अहवाल पाठवा. परवानाधारक कारागिराकडून रिव्हॉल्व्हरची कडी आणि बिजागरी तपासून दुरुस्त करण्याचा खर्च द्या आणि डबीचे पैसे परत करा. उरलेली काडतुसं कुरिअरने मागवू नका, ती दुकानदारामार्फत लायसन्सवर नोंद करूनच जातील. या डबीने माझ्या वर्षाच्या कोट्यातला वाटा खाल्ला तो वेगळाच. तो भरून देणं तुमच्या हातात नाही, म्हणून मागत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 84 प्रमाणे योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा न देणं ही उत्पादकाची जबाबदारी ठरते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन आणि या पत्राची प्रत पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेलाही देईन. फोन करू नका, लेखीच कळवा.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक,
नागपूर

सोबत : पावतीची प्रत, डबीच्या सर्व बाजूंचे आणि पुंगळ्यांचे फोटो. पुंगळ्या माझ्याकडे आहेत, तपासणीला तुमचा माणूस आला तर आर्मररसमोर दाखवीन.