मुंबईतली आशियाई कुस्ती स्पर्धा विस्मरणात जाऊ नये

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आशियाई अजिंक्यपद कुस्ती स्पर्धेच्या बातम्या मी दर वर्षी न चुकता वाचतो. भारतात ही स्पर्धा कुठे कुठे झाली असा विषय निघाला की बहुतेक जण दिल्लीचेच नाव घेतात. या शतकात २००३, २०१०, २०१३, २०१७ आणि २०२० अशी पाच वेळा ती दिल्लीतच झाली, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण ही स्पर्धा सुरू झाली ती १९७९ साली पंजाबातल्या जालंधरला, आणि १९८७ साली ती आपल्या मुंबईत झाली होती. ही गोष्ट आज लालबाग-परळच्या जुन्या तालमींत वाढलेल्या माझ्यासारख्या काही लोकांपुरती उरली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९७९ साली जालंधर, १९८१ साली लाहोर, १९८३ साली तेहरान आणि १९८७ साली मुंबई ही सुरुवातीची गावे एका ओळीत वाचली तरी या स्पर्धेचे मूळ कुठे आहे ते कळते. ‘कुस्ती’ आणि ‘पहिलवान’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले. इराणचे जुरखाने (तिथल्या जुन्या व्यायामशाळा), लाहोर-अमृतसरचे आखाडे आणि आपल्या तालमी ही एकाच कुळातली घरे आहेत. कोल्हापूरला शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आणि गिरणगावातल्या चाळीच्या तळमजल्यावरचा कुस्तीच्या मातीचा दहा पावलांचा हौदा यांचे नातेही त्याच कुळाशी आहे. म्हणून मुंबईला मिळालेला तो मान केवळ मोठ्या शहराची सोय म्हणून मिळाला, असे मी कधीच मानले नाही.

त्या वेळी मी ज्या तालमीत जात होतो तिथल्या हौद्यातली लाल माती दर महिन्याला चाळली जाई आणि तिच्यात तेल, ताक, हळद व लिंबाचा रस मिसळला जाई. पहाटे जोर काढताना तो वास नाकात बसे. १९८२ च्या गिरणी संपानंतर निम्मी पोरे गावाकडे परतली होती आणि दूध-बदामाचा खुराक तर फारच थोड्यांना परवडत होता. अशा दिवसांत आमचे वस्ताद १९८७ ची ती गादीवरची स्पर्धा पाहून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौद्याशेजारच्या फरशीवर दोन जुन्या गाद्या जोडून अंथरल्या आणि आम्हाला त्यावर पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला, लावले. मातीत पाय रुततो, त्यामुळे अंग टाकायला क्षणभर उसंत मिळते. गादीवर पाय रुतत नाही आणि समोरचा आपल्या आधी खाली शिरतो, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ढाक आणि कलाजंग या मातीतल्या डावांवर वाढलेल्या आम्हा पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या कुस्तीत काय कमी आहे ते दिसले.

हा फरक वरवरचा नाही. मातीतल्या कुस्तीचा निकाल चितपटीने लागतो आणि जुन्या पद्धतीत तिला वेळेचे बंधन नव्हते. आज गादीवर नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात. समोरच्याला खाली आणून मागून ताबा घेतला की दोन गुण मिळतात आणि वर्तुळाबाहेर पाय गेला तरी एक गुण जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीच्या सवयीनिशी उतरले आणि सहावे आले. त्यानंतर त्यांनी मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत मारुती माने यांनी सुवर्ण मिळवले. म्हणजे आपला मल्ल गादीवर जिंकू शकतो हे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा सुरू होण्याआधीच सिद्ध झाले होते. कमी पडल्या त्या तालमीतल्या गाद्या.

पुढच्या काळात स्पर्धा फार अवघड झाली. सोव्हिएत संघ होता तोवर उझबेकिस्तान, कझाकस्तान, किर्गिझस्तान इथले मल्ल त्या संघाकडून युरोपीय स्पर्धेत उतरत. १९९१ नंतर हे देश स्वतंत्रपणे आशियात आले आणि इराण, जपान, कोरिया, मंगोलिया यांच्या जोडीला नवी बलाढ्य फळी उभी राहिली. ताश्कंद, अल्माटी, बिश्केक ही स्पर्धेची ठिकाणे झाली. त्या गर्दीतून २००८ साली योगेश्वर दत्तने सुवर्ण आणले. २०१० साली आपल्या मुंबईत सराव करून घडलेल्या नरसिंग यादवने ७४ किलो गटात सुवर्ण जिंकले. २०१८ साली बिश्केकला नवज्योत कौर ही स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. २०२० साली दिल्लीत भारताने पाच सुवर्णांसह वीस पदके मिळवली आणि त्यांत पाटोद्याच्या राहुल आवारेचे कांस्यही होते. चीनचा संघ त्या वेळी येऊ शकला नव्हता हे खरे, पण त्यामुळे त्या पाचांपैकी आपल्या पोरींनी जिंकलेली तीन सुवर्णे मला तरी कमी मोलाची वाटत नाहीत. ती स्पर्धा ज्या क्रीडागृहात झाली त्याला खाशाबांचे नाव आहे. ते दिल्लीत आहे याचा मला आनंद आहे. मुंबईत १९८७ च्या स्पर्धेची साधी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही, याची मात्र खंत वाटते.

काही वर्षांपूर्वी मी एका कचेरीत या स्पर्धेची कागदपत्रे पाहायला मिळतील का, असे विचारायला गेलो होतो. तीन खेपा झाल्या. शेवटी तिथल्या गृहस्थांनी इतके जुने काही ठेवलेले नाही असे सांगून मला परत पाठवले. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, पण कागद गेले आणि माणसेही चालली आहेत. आमचे वस्ताद आता नाहीत. त्यांच्याबरोबर ती स्पर्धा पाहायला गेलेल्या चौघांपैकी एकच आज हयात आहेत आणि त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, वाचकांना आवाहन करून १९८७ च्या मुंबई स्पर्धेची छायाचित्रे, तिकिटे, कार्यक्रमपत्रिका, बिल्ले, कात्रणे जे काही घरोघरी उरले असेल ते मागवावे आणि पंच, स्वयंसेवक किंवा प्रेक्षक म्हणून तिथे असलेल्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. त्यातून निवडक मजकुराचे एक पान आपण छापावे. वर ज्यांचा उल्लेख केला त्या ज्येष्ठांकडे आपल्या प्रतिनिधीला घेऊन जाण्याची जबाबदारी मी घेतो. सकाळी अकराच्या आत गेल्यास ते नीट बोलतात.

आपला,
एक जुना कुस्तीगीर,
लालबाग, मुंबई